विभाग नक्की चालवतं कोण? (आणि कार्यवृत्त मीच का लिहायचं?)

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

नागपुरात एका विद्यापीठीय विभागात दोन वर्षांपूर्वी सहायक प्राध्यापक म्हणून लागले. विभाग कोणता ते कृपया विचारू नका, आणि ओळखलाच तर गप्प बसा. सगळ्यात लहान मीच, त्यामुळे सभेचं कार्यवृत्त लिहायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. आता नॅकची (उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) तयारी सुरू आहे. सहावा निकष प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा. त्यात कारभारात सगळ्यांचा सहभाग असतो हे दाखवावं लागतं. मागच्या आठवड्यात विभागप्रमुख सर म्हणाले, "मॅडम, विभागाचा कारभार कसा चालतो त्यावर चार पानं लिहून टाका. लोकशाही वगैरे येऊ द्या त्यात."

बसले लिहायला. "विभागाचे सर्व निर्णय विभाग समितीच्या सभेत घेतले जातात" हे पहिलं वाक्य लिहिलं आणि तिथेच अडले. म्हटलं खरं-खोटं पाहावं, म्हणून रजिस्टर काढलं. वर्षात चार सभा. प्रत्येक सभेत विषय १: मागील सभेचे कार्यवृत्त कायम करणे. मग वृक्षारोपण, शिक्षक दिन, गुणवंतांचा सत्कार, अतिथी व्याख्यान. आणि सगळ्यात खाली "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". कोणी कोणता पेपर शिकवायचा, तासिका तत्त्वावर कोणाला घ्यायचं, प्रयोगशाळेसाठी काय खरेदी करायची, हे सगळं त्या ऐनवेळच्या विषयांत. आणि सगळं "सर्वानुमते".

त्या चारही सभांना मी हजर होते. त्यातले दोन ठराव सभेत आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी एका चिठ्ठीवरून मी ते रजिस्टरमध्ये उतरवले होते. अक्षर माझंच आहे.

तर प्रश्न असा: विभागाला स्वतःच्या कारभाराचे नियम स्वतः करता येतात का? कायदा काय म्हणतो? तुमच्याकडे कसं चालतं?

तर्री_पोहे
मॅडम, कायले डोक्याला ताप करून घेऊन राहिल्या? चार पानं लिहा, वृक्षारोपणाचा फोटो लावा. समिती येते, संत्रा बर्फी खाते, सह्या करते, विमानतळावर जाते. हलकेच घ्या.

पण ते चिठ्ठीवालं वाचून मलेही कसंतरीच झालं.

वाचनमात्र_नाही
वाचतेय. खुर्ची टाकून बसलेय.

निवृत्त_मास्तर
चांगला विषय काढलात. थोडं मागून सांगतो, कारण नव्या लोकांना वाटतं विभाग म्हणजेच विद्यापीठ.

आपलं विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ चं. पुढे १९७४ चा स्वतंत्र नागपूर विद्यापीठ कायदा आला, मग १९९४ चा सगळ्या राज्याचा कायदा आणि आता १ मार्च २०१७ पासून लागू झालेला २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा. यातले शेवटचे तीन मी अंगावर घेतले आहेत. कायदा बदलला की पाट्या बदलतात, लेटरहेड बदलतं, चहावाला तोच राहतो.

१९९४ च्या कायद्यात विद्याशाखेचा अधिष्ठाता (डीन) विद्याशाखेचे सदस्यच निवडून देत. त्या निवडणुका मी पाहिल्या आहेत. गोंदिया, भंडारा, वर्ध्याहून जीप भरून सदस्य यायचे, कोण कोणाच्या जीपमधून उतरला यावरून दुपारीच निकाल कळायचा. शहाण्या माणसाला त्याचा वीट यावा असंच ते चित्र होतं. २०१६ च्या कायद्याने ते बंद केलं. अधिष्ठाता आता पूर्णवेळ, पगारी, निवड समितीतून येणारा अधिकारी. विधी, शिक्षण, सामाजिक शास्त्रे अशा वेगवेगळ्या विद्याशाखा होत्या, त्या चारच उरल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. विधीवाले मानवविज्ञानात गेले, शिक्षणशास्त्रवाले आंतरविद्याशाखीयमध्ये. सोय झाली म्हणतात. पण आपला अधिष्ठाता आपण निवडतो ही गोष्ट गेली ती गेलीच. जीपा वाईट होत्या हे मान्य, पण निवडून आलेला माणूस पुढच्या मतासाठी का होईना, आमचे फोन उचलायचा.

आता तुमचा मुद्दा. अभ्यासक्रम विभागाच्या हातात नाही. तो अभ्यास मंडळ करतं, तिथून विद्याशाखा आणि मग विद्यापरिषद. पैसा व्यवस्थापन परिषद पाहते, अंदाजपत्रक अधिसभेपुढे (सिनेटपुढे) जातं. विभागाच्या हातात मग उरतं काय? कार्यभार कसा वाटायचा, वेळापत्रक, प्रयोगशाळेची जागा, किरकोळ खरेदी, पाहुणे व्याख्याते, संशोधक विद्यार्थ्यांची बसण्याची सोय. बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल, पण मास्तराचं रोजचं आयुष्य एवढंच असतं. सोमवारी सकाळी साडेसातचा तास कोणाला, यावरून पंधरा वर्षं न बोलणारी दोन माणसं मला ठाऊक आहेत. आणि एवढ्याच गोष्टींसाठी कुठे धड लिखित नियम नसतो.

ऐनवेळच्या विषयांबद्दल एक आठवण. १९९८ च्या सुमारास आमच्याकडे (विभागाचं नाव नको) ऐनवेळच्या विषयात एक संगणक मंजूर झाला. पुढच्या सभेत, पुन्हा ऐनवेळी, त्या संगणकाला थंडावा लागतो म्हणून एसी. संगणक विद्यार्थ्यांसाठी होता, पण एसीसाठी खिडकीची योग्य जागा प्रमुखांच्याच खोलीत निघाली. मग संगणकही तिकडे गेला. सगळं सर्वानुमते. माझीही सही आहे. मे महिना होता, आम्हीही अधूनमधून त्या खोलीत जाऊन बसायचो, हेही कबूल करतो.

कार्यालयातला_माणूस
मास्तर, तो एसी आम्ही मागच्या दाराने पाहिला आहे :)

कोरा_कागद मॅडम, मी शिक्षक नाही, टिपणी लिहिणारा माणूस आहे. पंचवीस वर्षं सभांचे कागद हाताळतोय. तुम्ही नियम कोणते करायचे ते शोधताय, मी म्हणतो आधी रजिस्टर बघा.

पहिलं पान उघडा. त्यावर "या नोंदवहीत १ ते २०० पृष्ठे आहेत" असा दाखला आणि प्रमुखांची तारखेसह सही आहे का? पानांवर छापील क्रमांक आहेत का? नसतील तर पान फाटलं काय आणि शिरलं काय, कोणाला कळणार नाही. मग शेवटचा ठराव आणि सह्या यांच्यात किती जागा सुटली आहे ते बघा. जुने अधीक्षक मोकळ्या जागेत तिरकी रेघ मारायचे, दोन्ही टोकांना आद्याक्षरं करायचे. आता सह्या आधी घेतात, उपस्थिती म्हणून, सभा सुरू व्हायच्या आधी. कार्यवृत्त नंतर त्याच पानावर वर चढतं. तुमची चिठ्ठी त्या मोकळ्या जागेत शिरली.

म्हणून उपस्थितीची सही वेगळ्या पानावर घ्या. एवढं केलंत तरी अर्धं काम झालं.

दुसरं म्हणजे नोटीस. व्हॉट्सॲपवर "उद्या ११ ला मीटिंग, सर्वांनी यावे" ही नोटीस नव्हे. जावक क्रमांक, तारीख, सोबत विषयपत्रिका, आणि शिपायाच्या हाती फिरवून सही. आता ईमेल चालतो, पण विषयपत्रिका हवीच. विषय आधी कळला नाही तर माणूस बोलणार काय?

आणि "सर्वानुमते" हा शब्द जपून वापरा. कोणी विरोध नोंदवला असेल तर "श्री. अमुक यांचा विरोध नोंदवून बहुमताने" असंच लिहायचं असतं. विरोध लिहिल्याने ठराव अडत नाही. लोकांना वाटतं अडतो, म्हणून कोणी लिहायला सांगत नाही.

तर्री_पोहे
तिरकी रेघ! आमच्या सोसायटीच्या रजिस्टरात उद्याच मारतो.

कोरा_कागद
@कार्यालयातला_माणूस, आत्ता पाहून आले. दाखला नाही. पानांना क्रमांक पेन्सिलने आहेत, पन्नासपर्यंत. पुढे लिहिणाऱ्याला कंटाळा आला असावा. मोकळी जागा जवळपास प्रत्येक सभेत, पाच-सहा ओळींची.

सातासमुद्रापलीकडचा_वऱ्हाडी
मूळचा नागपूरचाच, लॉ कॉलेज चौकातल्या टपरीवर वाढलेला, सध्या कॅलिफोर्नियात शिकवतो. "तिकडे सगळं छान" असं म्हणायला आलेलो नाही, उगाच अंगावर येऊ नका.

आमच्या विद्यापीठात (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) शिक्षकांचं अकॅडमिक सिनेट आहे. दहा कॅम्पसच्या दहा शाखा, त्यांना डिव्हिजन म्हणतात. आपल्या अधिसभेशी गल्लत करू नका. या सिनेटमध्ये मुख्यतः प्राध्यापक असतात. प्रवेशाच्या आणि पदवीच्या अटी, अभ्यासक्रम हे सिनेटच्या अखत्यारीत, पैसा आणि इमारती प्रशासनाकडे. हे काही आभाळातून पडलं नाही. १९१९-२० मध्ये बर्कलीच्या प्राध्यापकांनी अध्यक्षांच्या एकहाती कारभाराविरुद्ध बंड केलं, तेव्हा विश्वस्तांनी हे अधिकार लिहून दिले.

तुमच्या प्रश्नाला लागून असलेली गोष्ट म्हणजे सिनेटच्या पोटनियमांतला क्रमांक ५५. विभागातल्या मतदानाबद्दलचा. सिनेटचं मत असलेल्या कोणाही कार्यरत शिक्षकाला विभागाच्या महत्त्वाच्या प्रश्नांवर मत नाकारता येईल अशी विभागाची रचनाच करायची नाही, असं तो सांगतो. अपवाद काही नेमणुका-बढत्यांचा, तिथे कोण कोणावर मत देणार हे दर्जानुसार ठरतं. आणि माझं आवडतं कलम: त्या नेमणुका-बढत्यांच्या मतदानात एकाही मतदाराने गुप्त मतदान मागितलं तर ते नाकारता येत नाही. एकाने. बहुमत लागत नाही.

पहिल्या वर्षी मला हे फार भारी वाटलं. मग लक्षात आलं की सभा तीन-तीन तास चालतात आणि एका स्वल्पविरामावर चाळीस मिनिटं जातात. आणि कंत्राटी लेक्चरर मंडळी, जी पहिल्या वर्षाचे कितीतरी वर्ग ओढतात, ती सिनेटमध्ये नाहीतच.

सीएचबीवाला
शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं.

नऊ वर्षं तासिका तत्त्वावर (क्लॉक अवर बेसिस, म्हणून सीएचबी) शिकवतोय. पैसे तासाप्रमाणे, दिवाळीत तास नाही तर पैसे नाही. विभागाचे निम्मे पेपर आम्ही चौघं शिकवतो. विभागाची सभा असली की आम्हाला सांगतात, "तुम्ही वर्ग सांभाळा." म्हणजे आम्ही शिकवतो म्हणून त्यांना सभा घेता येते. मग सभेतून बाहेर येऊन सांगतात, तुमचा पेपर बदलला.

गेल्या जुलैत मला जो पेपर दिला, त्याचं पुस्तक ग्रंथालयात नाही हे सभेत कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी व्हरांड्यात होतो.

मत नको आम्हाला. खुर्ची द्या आणि बोलू द्या.

अंबाझरी_काठी
वरचं सगळं बरोबर आहे, पण माझा वेगळा सूर.

आमच्या विभागात मंजूर पदं सात, भरलेली तीन. समित्या मोजल्या परवा, अकरा. प्रवेश, खरेदी, तक्रार निवारण, ग्रंथालय, माजी विद्यार्थी, काय वाट्टेल ते. अकराही समित्यांत आम्ही तिघं. फक्त अध्यक्ष फिरतो, संगीतखुर्चीसारखा. खरेदी समितीचा अध्यक्ष म्हणून मी मागणी करतो, विभाग समितीचा सदस्य म्हणून मीच मंजूर करतो, आणि तक्रार आलीच तर ऐकायलाही मीच. सात दिवसांची नोटीस कोणाला देऊ? समोरच बसलेले असतात.

माणसंच नसतील तिथे नियम कितीही चांगले करा, ते कागदावर राहतात. आमच्याकडे सगळं चहावर ठरतं आणि खरं सांगू, नीट चालतं. आमच्यात भांडण नाही.

निवृत्त_मास्तर
अंबाझरी, भांडण नाही तोवर नियम लागतच नाहीत. तुमच्या तिघांतला एक बदलून गेला आणि चौथा असा आला की ज्याला चहा आवडत नाही, मग?

अंबाझरी_काठी
मग त्याला कॉफी पाजू. पण मुद्दा पोचला.

स्वायत्तवाली
मी एका स्वायत्त महाविद्यालयात आहे. आमच्याकडे अभ्यास मंडळ स्वतःचं. विभागप्रमुख अध्यक्ष, विभागातले शिक्षक, विद्यापरिषदेने नेमलेले बाहेरचे दोन तज्ज्ञ, प्राचार्यांनी दिलेल्या सहा नावांतून कुलगुरूंनी निवडलेला एक, उद्योगातला एक आणि एक गुणवंत माजी विद्यार्थी. यूजीसीचीच रचना आहे ही.

तर त्या माजी विद्यार्थिनीची गोष्ट. पहिल्या दोन सभांत ती गप्प होती. तिसऱ्या सभेत अभ्यासक्रमाचा मसुदा पुढे आला तेव्हा हळूच म्हणाली, "सर, चौथ्या घटकातलं सॉफ्टवेअर आता कोणी वापरत नाही. मला नोकरीत पहिल्या महिन्यात सगळं नवीन शिकावं लागलं." तज्ज्ञांनी तो घटक तसाच ठेवून मान डोलावलेली होती. तिच्या एका वाक्यावर तो बदलला. पण मुलगी बोलली कारण मसुदा तिला दहा दिवस आधी मेलवर गेला होता. आधीच्या दोन सभांत तिथेच टेबलावर मिळाला होता, ती बिचारी काय वाचणार.

@कोरा_कागद, मसुदा आधी पाठवा एवढं एक कलम तरी घाला.

माहितीचा_अधिकारी
सरळ उपाय: माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांत एक विषय, पानाला दोन रुपये. तीस दिवसांत सगळ्या सभांची कार्यवृत्तं हातात.

कार्यालयातला_माणूस
अहो, कार्यवृत्त त्यांनीच लिहिलंय! स्वतःच्या अक्षराची प्रत दोन रुपयांनी विकत घेणार का त्या?

तर्री_पोहे
=)) दिवसाचा सर्वोत्तम प्रतिसाद

कोरा_कागद
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी परत आलेय, कारण काल सभा झाली.

मी चार पानांऐवजी दीड पान लिहिलं. सरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "हे नॅकसाठी लिहिलंय की माझ्यासाठी?" मी म्हटलं, "सर, नॅकला जे सांगणार ते विभागात असायला हवं ना." थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "विषयपत्रिकेवर घ्या. ऐनवेळी नको." एवढं तरी जिंकले म्हणायचं.

सभेत काय झालं ते जसंच्या तसं सांगते. नोटीस सात दिवस आधी विषयपत्रिकेसह, हे चर्चेविना मंजूर झालं, कारण त्याने कोणाचं काही जात नव्हतं. कार्यवृत्ताचा मसुदा सात दिवसांत सगळ्यांना मेलवर पाठवायचा, दुरुस्त्या आल्या तर पुढच्या सभेत वाचून मगच कायम करायचं, हेही झालं. ऐनवेळच्या विषयात खर्चाचा ठराव घ्यायचा नाही, यावर मात्र पाऊण तास गेला. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "३१ मार्चला निधी परत जातो, तेव्हा तुमचा नियम चाटायचा का?" रास्त होतं. शेवटी असं ठरलं की तातडी असेल तर घ्यायचा, पण तातडी कशाची ते ठरावातच लिहायचं. पळवाट आहे हे मलाही दिसतं. पण कारण लिहावं लागणार, आणि लिहिणार मी.

गुप्त मतदानाचं कलम पडलं. "आपल्यात कशाला गुप्त?" असं चौघांनी उघडपणे म्हटलं. पाचव्या मॅडम नंतर जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, मला हवं होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

सीएचबीवाल्यांना निमंत्रित म्हणून बसता येईल, बोलता येईल, मत नाही. सभा दुपारी तीननंतर घ्यायची, म्हणजे त्यांचे तास बुडणार नाहीत. ही वेळेची सूचना सरांचीच.

सीएचबीवाला
तीननंतरची सभा. नऊ वर्षांत कोणाच्या डोक्यात नाही आलं हे. तुमच्या सरांना आमच्याकडून एक चहा.

सातासमुद्रापलीकडचा_वऱ्हाडी
गुप्त मतदान पडलं ते उघड मतदानाने, हे वाचून हसावं की रडावं. पुढच्या वर्षी पुन्हा आणा.

निवृत्त_मास्तर
आणि त्या दोन ठरावांचं काय केलंत? जे सभेत आले नव्हते?

कोरा_कागद
मास्तर, हाच प्रश्न कोणीतरी विचारणार हे माहीत होतं.

ते कायम झालेले आहेत, पुढच्या सभेत, माझ्यासमोर. मी तेव्हा काही बोलले नव्हते. कालच्या सभेत विषय १ ला मी म्हटलं की मागच्या वर्षीच्या दोन सभांच्या कार्यवृत्तात ठराव नंतर नोंदवले गेले आहेत, ही बाब नोंदवावी. सर म्हणाले, "कोणी नोंदवले?" मी म्हटलं, "मी, सर." खोलीत पंख्याचा आवाज येत होता फक्त. मग सर म्हणाले, "लिहा."

आज सकाळी लिहिलं. खाली तीन ओळी मोकळ्या राहत होत्या. तिरकी रेघ मारली, एका टोकाला माझी आद्याक्षरं केली. दुसरं टोक सरांसाठी ठेवलंय, ते सोमवारी येतात.

कार्यालयातला_माणूस
रेघ शाईच्या पेनाने मारली ना? पेन्सिलने नको.

कोरा_कागद
शाईनेच.